राखीव किंमत, ऑटो बिड आणि माझा हुकलेला 'बेळगाव कॅम्प'चा अल्बम

कॅम्पवाला
मंडळी, रात्रीचे बारा वाजून गेलेत आणि झोप काही येत नाही, म्हणून हा धागा.

मला जुन्या चित्र-पोस्टकार्डांचा नाद आहे. एका परदेशी लिलाव साइटवर 'बेळगाव कॅम्प'चा १४ कार्डांचा अल्बम दिसला. किल्ल्याची वेस, सेंट मेरी चर्च, परेडचं मैदान वगैरे नेहमीचं होतंच. पण नऊ नंबरच्या कार्डावर बाजारातला एक रस्ता आहे, त्यात एक पोरगा सायकल धरून उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर दुकानाची पाटी. फोटो मोठा करून पाहिला तर अक्षरं मोडी वाटतात. पाटी निम्मी सावलीत आहे. तेवढ्या एका कार्डासाठी मी पेटलो.

आता घटनाक्रम बघा. सुरुवात ९.९९ डॉलरची होती. मी पाहिलं तेव्हा भाव ४१ वर होता आणि खाली लाल अक्षरात 'राखीव किंमत अजून गाठलेली नाही' असं लिहिलेलं. ऑटो बिडमध्ये (आपण कमाल किंमत सांगायची, तिच्या आत बोली यंत्र चढवतं) माझी कमाल १२० टाकली. वाटलं, आता ४२ दिसेल. दिसले ११०! मधे दुसरं कोणी नाही, बोली लावणारा मी एकटा आणि भाव एका दमात ६९ डॉलरनी वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ११७.५०, तरी आघाडीवर मीच. आणि शेवटचे आठ सेकंद राहिले असताना कोणीतरी आलं, १२२.५०, खेळ खल्लास.

माझे प्रश्न तीन. एक, ४१ वरून ११० कसे झाले? दोन, माझी कमाल किंमत साइटला दिसते, मग ती विकणाऱ्याला सांगत नसतील कशावरून? तीन, फक्त अडीच डॉलरनी गेला हो! १२५ टाकले असते तर आज अल्बम माझा असता ना?

शेंगदाणा
साइटवाल्यांचाच माणूस बसलेला असतो तिथं. तुम्ही १२० टाकले आणि बरोबर १२० च्या जरा पुढं जाऊन थांबला. एवढा योगायोग आमच्या शनिवार खुटावर पण होत नाही.

टिळकवाडीचे मास्तर
शेंगदाणा, धीर धरा. त्या साइटचं नाव माहीत नाही, पण ईबे या मोठ्या लिलाव साइटचे नियम जाहीर आहेत आणि हा सगळा क्रम त्या नियमांत तंतोतंत बसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. विकणाऱ्याने मनात एक किंमत धरलेली असते, त्याखाली तो माल देणार नाही. ती साइटला सांगितलेली असते, तुम्हाला नाही. तुम्हाला एवढंच दिसतं की गाठली किंवा नाही गाठली. तुमची कमाल त्या राखीव किमतीएवढी किंवा वर असेल तर यंत्र ४२, ४३ करत चढत बसत नाही, तुमची बोली थेट राखीव किमतीवर नेऊन ठेवतं. त्याच्या खालच्या आकड्यांना अर्थच नाही, कारण त्या भावाला माल मिळणारच नव्हता. म्हणजे राखीव होती ११०. तुमच्या विरुद्ध त्या क्षणी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, खुद्द विकणारा होता.

मग ११७.५० कुठून आले? कोणीतरी ११५ ची कमाल टाकली. ईबेवर १०० ते २४९.९९ डॉलरच्या मध्ये टप्पा, म्हणजे एका बोलीवरून पुढच्या बोलीची वाढ, अडीच डॉलरचा आहे (२५ ते ९९.९९ मध्ये एकच डॉलरचा). ११५ अधिक अडीच म्हणजे ११७.५०. ते तुमच्या १२० च्या आत, म्हणून आघाडी तुमचीच राहिली.

शेवटचा आला त्याच्यापुढे तुमचे १२० होते. १२० अधिक अडीच, १२२.५०. शेंगदाणा म्हणतात तो 'योगायोग' हा आहे. भाव नेहमी हरणाऱ्याच्या कमालीला चिकटूनच थांबतो, कारण तो ठरतोच हरणाऱ्यावरून.

येळ्ळूरचा बाळू
मास्तर, तुमचं बरोबर हाय खरं हे आमच्यासारख्यांच्या डोस्क्यात असं शिरत न्हाई. मी सांगतो बघा.

आमच्याकडं जत्रंला देवीला आलेल्या साड्यांचा सवाल, म्हंजे लिलाव, निघतो. समजा मला त्या दिवशी गोव्याला भाडं हाय, मी काय बसू शकत न्हाई. मग मी मामाला बसवतो आणि कानात सांगतो, "मामा, त्या हिरव्या साडीला पाच हजारापर्यंत जा. खरं आपण हून पाच हजार म्हणायचं न्हाई. कोण बोललं तर पन्नासनं चढवायचं, कोण न्हाई बोललं तर गप बसायचं." मामा म्हंजे ऑटो बिड. दुसरा अठराशेवर थांबला तर साडी साडेअठराशेला आली, माझं पाच हजार माझ्या खिशात.

आता राखीव किंमत. पंचांनी ठरवलंय, ही साडी दीड हजाराच्या आत द्यायची न्हाई. चिठ्ठीवर लिवून ती पुजाऱ्याकडं दिलेली. मामा एकटाच बोलाय लागला, तर पुजारी म्हणतोय, "दीड हजार म्हणत असशील तर उचल." मामाला माहीत हाय माझी तयारी पाच हजाराची, तो व्हय म्हणतो. कॅम्पवाल्यांचं ४१ चं ११० झालं ते हे. पुजाऱ्यानं चिठ्ठी उघडली.

कॅम्पवाला
बाळूदादा, आता डोक्यात बसलं. पण तिसरा प्रश्न राहिला. मामाला १२० ऐवजी १२५ सांगितले असते तर?

टिळकवाडीचे मास्तर
तर बहुतेक १२७.५० ला हरला असता आणि इथं '१३० टाकले असते तर' असं विचारलं असतं. १२२.५० हा आकडा जिंकणाऱ्याची तयारी सांगत नाही, तुमचीच सांगतो. त्याने १२५ टाकले असतील किंवा ५०० टाकले असतील, दोन्ही वेळा पडद्यावर १२२.५० च दिसणार. लोक इथेच फसतात आणि पुढच्या लिलावात 'थोडक्यात गेलं होतं' म्हणून भलतेच पैसे लावतात.

एक बारकावा मात्र आहे. जिंकणाऱ्याची कमाल तुमच्यापेक्षा पूर्ण टप्प्याने जास्त असावीच असं नाही. त्याने १२१ टाकले असते तरी तोच जिंकला असता, भाव १२१ राहिला असता. म्हणून जुने खेळाडू गोल आकडा टाकत नाहीत. १२० ऐवजी १२१.३७ टाकतात. १२० हा आकडा शंभर जणांच्या डोक्यात येतो, आणि दोघांची कमाल नेमकी सारखी असली तर ज्याची आधी आली तो जिंकतो.

दुसरा प्रश्न, साइट विकणाऱ्याला सांगते का. नियमाप्रमाणे नाही. पण विकणाऱ्याने मित्राच्या खात्यावरून थोडंथोडं चढवत तुमची कमाल चाचपणं हे होतं, आणि त्यासाठी साइट फुटायची गरज नसते.

निपाणी_जंक्शन
(गावाला रेल्वे नाही, नाव तरी असू दे.)

तुमच्या राखीव किमतीला पुजाऱ्याची चिठ्ठी आहे, बँकेच्या लिलावात ती उघड छापलेली असते. दोन्हीला 'राखीव किंमत' म्हणतात म्हणून लोकांची गल्लत होते. माझा अनुभव सांगतो.

गेल्या वर्षी एका बँकेने जप्त केलेली ३० बाय ४० ची साइट (म्हणजे घराचा प्लॉट) लिलावात निघाली. राखीव १८,४०,०००. अनामत त्याच्या १० टक्के, म्हणजे १,८४,००० आधी भरायची, तेव्हा कुठे लॉगिन चालू होतं. टप्पा १०,००० चा. मी म्हटलं, समोर कोणी दिसत नाही, १८,४०,००० लाच घेऊ. तर नोटिशीत बारीक अक्षरात लिहिलेलं, पहिली बोली राखीव अधिक एक टप्पा. का, तर सरफेसीच्या (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) २००२ च्या नियमांत नियम ९ मध्ये असं आहे की राखीव किमतीपेक्षा जास्त भाव आला नाही तर अधिकाऱ्याला एकट्याला विक्री करता येत नाही, कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते. कर्जदार कुठला संमती देतोय! म्हणून वर एक टप्पा चढवून घेतात. तेव्हा सुरुवातच १८,५०,००० ने झाली.

वेळ अकरा ते बारा. पावणेबारापर्यंत मी एकटा. मग दुसरा आला. बारा वाजता १८,७०,००० होते. आता संपलं म्हणून चहा सांगितला, तर घड्याळ पाच मिनिटांनी वाढलं. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आणखी पाच मिनिटं मिळतात. तो मुद्दाम चार मिनिटं थांबायचा आणि मग चढवायचा. चहावर साय धरली. १९,१०,००० ला तो थांबला तेव्हा बारा वीस झालेले आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला.

शहापूरची सून
दादा, तिथे ऑटो बिड नव्हतं का?

निपाणी_जंक्शन
होतं ताई, बटण होतं. मी भ्यालो. वाटलं, २० लाख टाकले आणि यंत्राने थेट २० च लावले तर? आता मास्तरांचं वाचून कळतंय की लावले नसते. बायको शेजारी बसून म्हणत होती, "तुम्ही दर वेळी दोन मिनिटं विचार करता, त्याला कळतंय तुमचं पाणी."

शहापूरची सून
मला तर त्या बटणानेच वाचवलं. माहेर जांबोटीकडे, रेंज येते-जाते. एका जुन्या हार्मोनियमसाठी बोली लावली होती, कमाल टाकली आणि पावसात लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मोबाइल चालू करून बघते तर मी जिंकलेली, माझ्या कमालीपेक्षा बरंच खाली. रात्रभर जागी असते तर नक्की चिडून चढवत बसले असते.

चिकोडीकर
निपाणीवाले, पैसे भरायचं पण सांगा. लोकांना वाटतं जिंकलं की झालं.

निपाणी_जंक्शन
हो, ते राहिलंच. जिंकल्यावर २५ टक्के त्याच दिवशी, फार तर बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी. यात अनामत धरतात. १९,१०,००० चे पाव म्हणजे ४,७७,५००, त्यातून १,८४,००० वजा, राहिले २,९३,५००. लिलाव शुक्रवारी होता आणि उद्या दुसरा शनिवार, म्हणून सोमवार मिळाला, नाहीतर भाऊजींकडे पळावं लागलं असतं. बाकीचे १४,३२,५०० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी ठरवून मुदत वाढते, पण तीन महिन्यांपुढे नाही. चुकलात तर भरलेलं जप्त आणि साइट परत लिलावाला.

आणखी एक. 'प्रत्यक्ष ताबा' आणि 'सांकेतिक ताबा' हे दोन शब्द नोटिशीत शोधा. सांकेतिक असेल तर आत माणसं राहतात आणि ती काढायचा ताप पुढे आहे. शिवाय सगळा माल 'जसा आहे तसा, जिथे आहे तिथे'. ई.सी. (बोजा दाखला) काढा, आर.टी.सी. (कर्नाटकातला शेतजमिनीचा सातबारा) आहे की खाता उतारा (घर-प्लॉटचा) ते बघा. आमचे एक पाव्हणे गडहिंग्लजहून सातबारा सातबारा करत आले होते, त्यांना तासभर लागला समजायला.

आणि हो, नोटीस एका कन्नड पेपरात आली होती. आम्ही घरी मराठी पेपर घेतो. किराणा दुकानात पुडीच्या कागदावर सापडली! खोटं नाही सांगत.

अडत्या
तुमचं मामा-पुजारी वाचून मजा आली. खरं आमच्या यार्डात ह्यातलं काही चालत नाही हे लक्षात घ्या.

कर्नाटकात २०१४ पासून राज्य सरकार आणि एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंज (शेतमालाचा ऑनलाइन बाजार) यांच्या कंपनीनं बाजार समित्या एका संगणकाला जोडल्या. ज्या मालाला ई-टेंडर आहे तिथं आम्ही लॉट बघायचा, नंबर घालून आकडा टाकायचा. दुसऱ्यानं काय टाकलं दिसत नाही. वेळ संपली की सगळ्यात मोठा आकडा जाहीर, आणि जो आकडा टाकला तोच द्यायचा. दुसऱ्याच्या वर एक टप्पा वगैरे काही नाही. म्हणून मनात क्विंटलला ५,२०० असतील तर मी ५,०५० टाकतो. खरा आकडा टाकायला मी काय खुळा?

एकदा माझ्याच हातनं बोट घसरलं आणि शेवटचा आकडा दोनदा पडला. ५,०५० चे ५०,५००. जाहीर झालं तेव्हा सगळं यार्ड माझ्याकडं बघायलालं. त्या शेतकऱ्यानं तर हात जोडले, थट्टेनं. मग अर्ज-विनंत्या करून सुटलो.

आणि राखीव किंमत? शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो नको म्हणू शकतो. ती त्याची राखीव. आधी नाही सांगत, भाव बघून सांगतो.

पूर्वी आमचे वडील रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. ते पण झाकलेलंच. संगणक म्हंजे मोठा रुमाल.

टिळकवाडीचे मास्तर
अडत्यासाहेब, 'मोठा रुमाल' मी वर्गात वापरला असता, निवृत्त झालो नसतो तर.

तुम्ही ५,२०० चे ५,०५० करता ते बरोबर आणि कॅम्पवाल्यांनी १२० चे १२० च टाकले तेही बरोबर. नियम वेगळा, म्हणून शहाणपण वेगळं. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम विक्री (आडनाव विक्रीच, हसू नका) यांनी १९६१ मध्ये यावर निबंध लिहिला. बंद पाकिटात बोली, जिंकणार सगळ्यात मोठा, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या आकड्याएवढे. असं असेल तर आपली खरी किंमत लिहिण्यात नुकसान कधीच नाही. कमी लिहिली तर भाव कमी होत नाही, फक्त हरायची शक्यता वाढते. जास्त लिहिली तर नको त्या भावाला गळ्यात पडायची भीती. ऑटो बिड हे त्याचंच चालतं-बोलतं रूप. विक्रींना १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले.

अडत्या
बिचारे. बक्षिसाची रक्कम कोणाला गेली?

टिळकवाडीचे मास्तर
घरच्यांना गेली असेल हो.

आता राखीव किती ठेवावी, हे विकणाऱ्यांसाठी. सोपं उदाहरण घ्या. मालाची मला स्वतःला काही किंमत नाही, गिऱ्हाईक एकच, आणि तो शून्य ते शंभर रुपयांत कितीही द्यायला तयार असू शकतो, सगळे आकडे सारखेच शक्य. राखीव ४० ठेवली तर शंभरातल्या ६० वेळा माल जाईल, सरासरी २४ रुपये. ६० ठेवली तर ४० वेळा जाईल, पुन्हा २४. ५० ठेवली तर ५० वेळा, सरासरी २५. म्हणजे निम्म्या वेळा माल पडून राहील हे कबूल करूनच ५० ठेवायची. मजा पुढे आहे. अशी दहा गिऱ्हाइकं आली तरी उत्तर ५० च राहतं. हे रॉजर मायरसन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, त्यांनाही २००७ मध्ये नोबेल.

अडत्या
मास्तर, १९८१ म्हटलं की आम्हाला निपाणीचं तंबाखू आंदोलन आठवतं, मायरसन नाही. आणि निम्म्या वेळा माल पडून राहू दे म्हणणाऱ्याला एकदा टोमॅटो विकायला पाठवा. सडणाऱ्या मालाला राखीव नसते. पोस्टकार्डाला असते.

टिळकवाडीचे मास्तर
मान्य. पडून राहण्याचा खर्च माझ्या उदाहरणात नाही. टोमॅटोवाल्याने राखीव ५० च्या बरीच खाली धरायला हवी.

शेंगदाणा
बरं, माझा संशय अजून गेला नाही. शेवटच्या आठ सेकंदांत कोण येतं? प्रामाणिक माणूस आधी येत नाही का?

येळ्ळूरचा बाळू
प्रामाणिकच हाय तो, हुशार पण हाय. आमच्या जत्रंत असं करता येत न्हाई, कारण सवाल पुकारणारा तीनदा विचारतोय. ओंद् सल... एरड् सल... आणि मूर् सल म्हणायच्या आधी कोणी हात वर केला की परत पहिल्यापासनं. निपाणीवाल्यांच्या बँकेचं पाच मिनिटं वाढणं ते हेच. कॅम्पवाल्यांच्या साइटवर घड्याळानं ठोका दिला की दार बंद. मग शेवटी येणारच की लोक.

टिळकवाडीचे मास्तर
बाळू, यावर दोन अर्थशास्त्रज्ञांचा, रॉथ आणि ओकेनफेल्स यांचा, २००२ चा लेख आहे. ईबे ठरल्या वेळी बंद होत असे, ॲमेझॉनचे तेव्हाचे लिलाव उशिरा बोली आली की लांबत. शेवटच्या मिनिटाची गर्दी ईबेवर कितीतरी जास्त निघाली. तुझा 'मूर् सल' त्यांना ठाऊक असता तर लेखात आला असता.

याचा एक अर्थ असा की पक्क्या घड्याळाच्या साइटवर कमाल फार आधी टाकू नये. तत्त्वाने फरक पडत नाही, पण माणसं तत्त्वाने वागत नाहीत. तुमचं नाव आघाडीवर दिसलं की समोरचा चिडून आपली कमाल वाढवतो. त्याला चिडायला वेळच देऊ नये.

शहापूरची सून
पण जांबोटीत बसून शेवटचे आठ सेकंद पकडायचे म्हणजे! मी आपली आदल्या रात्री टाकून झोपणार.

वकिलीचा_कागद
उशिरा आलो. खोट्या बोलीबद्दल बोललात म्हणून लिहितो. आपल्याकडे १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्यातलं कलम ६४ लिलावाचंच. विकणाऱ्याने स्वतः बोली लावायचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल तर त्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावणं बेकायदा. भाव चढवायला नकली बोली वापरली तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. आणि राखीव किंमत ठेवायलाही हेच कलम मुभा देतं. म्हणजे राखीव किंमत ही फसवणूक नाही, नकली बोली ही फसवणूक. विकणाऱ्याला 'एवढ्याखाली देणार नाही' म्हणायचं तर सरळ मार्ग आहे, तरी लोक मेहुण्याला बसवतात. (चंदगडकडच्या वाळू लिलावाच्या जाहिरातीत 'हातची किंमत' लिहितात, ती हीच. मला हा शब्द जास्त आवडतो.)

परदेशी साइटवर मात्र आपलं १९३० चं कलम घेऊन कुठं जाणार? तिथे साइटकडे तक्रार, एवढंच.

चिकोडीकर
आपल्याकडे अशी साइट होती ना? बाझी डॉट कॉम. २००४ मध्ये ईबेने घेतली. त्यावर मी एच.एम.टी.चं घड्याळ घेतलं होतं, अजून चालतंय. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडिया बंद झालं. त्यामुळे आता आपल्या लोकांना ऑनलाइन लिलाव म्हटलं की बँकेची जप्तीच आठवते.

कॅम्पवाला
मंडळी, गोष्टीला फाटा फुटलाय. आज सकाळी मेल आली. 'जिंकणाऱ्याने व्यवहार पूर्ण केला नाही. तुम्हाला दुसरी संधी. अल्बम १२० डॉलरला घ्या.' दोन दिवसांची मुदत. काय करू? मला हवाय. पण १२० च का, ११७.५० का नाही?

टिळकवाडीचे मास्तर
दुसऱ्या संधीत तुमचीच कमाल मागतात. इथे मात्र मामाच्या कानात सांगितलेला आकडा पंचांच्या हातात पडला.

शेंगदाणा
बघा!! मी काय म्हणत होतो? आठ सेकंदवाला मेहुणाच. तुमची कमाल चाचपली, चुकून वर गेला, आता परत तुमच्याकडे.

वकिलीचा_कागद
शक्यता आहे, पुरावा नाही. लोक खरंच पैसे न भरता पळतात. पण तो १२२.५० वाला नसता तर कॅम्पवाल्यांना अल्बम ११७.५० ला मिळाला असता, आणि ११५ वालाही मेहुणाच निघाला तर ११० ला. तेव्हा या दुसऱ्या संधीला सरळ नको म्हणता येतं, बंधन नाही.

अडत्या
घेऊ नका. ज्याचं गिऱ्हाईक पळालंय त्याला घाई असते. गप बसा.

शहापूरची सून
दहा डॉलरसाठी मोडी पाटी घालवणार? अडत्याभाऊ, हा बटाटा नाही, उद्या दुसरा ट्रक येत नाही.

कॅम्पवाला
ताई, तुमचं पटत होतं आणि अडत्यांचं ऐकलं. दोन दिवस मोबाइल कपाटात ठेवला.

अपडेट, बारा दिवसांनी: अल्बम परत लागला. या वेळी राखीव किंमत नाही, सुरुवातच ११० ची. म्हणजे मास्तरांनी काढलेला आकडा बरोबर होता, चिठ्ठीत ११० च होते. मी १२१.३७ कमाल टाकली, शेवटच्या मिनिटाला, टिळकवाडीतल्या मित्राच्या घरी बसून, कारण त्याच्याकडे फायबर आहे. कोणीही आलं नाही. ना आठ सेकंदवाला, ना ११५ वाला. ११० ला मिळाला.

शेंगदाणा
दोघंही आले नाहीत. दोघंही. मी काही बोलत नाही.

येळ्ळूरचा बाळू
ते जाऊ द्या हो. पाटीवर काय लिवलंय ते सांगा. आमच्या आज्जाचं बाजारात दुकान हुतं म्हणून विचारतोय.

कॅम्पवाला
पार्सल निघालंय. कस्टमवाल्यांनी सोडलं की नऊ नंबरचं कार्ड स्कॅन करून इथंच टाकतो. मोडी वाचणारं कोणी आहे का धाग्यावर?